पांढऱ्या गाडीच्या मागे

...आणि वर विचारता, देश मागे का? अहो, पुढे जायचंय कुणाला इथे? रस्ता मोकळा, हातात चाक, पायाखाली पायडल, तरी मागेच राहायचं... किळस आली मला, किळस!

तुम्हाला सांगतो, सांगलीला कॉलेजात असताना एका अमेरिकन मासिकात वाचलं, तिकडे शर्यतीला खास गाड्या नसतात, रस्त्यावरच्या रोजच्याच मोटारी गोल रस्त्यावर सोडतात आणि ज्याच्यात हिंमत तो पुढे, मग समोर गव्हर्नर असो नाहीतर गवळी! म्हटलं, हाच खेळ आपल्या लोकांना हवा. पाच महिने खपलो. काचेची पेटी, आत गोल रस्ता, त्यावर मोटरवर फिरणारी पत्र्याची गाडी, मागे खेळणाऱ्याची लाल गाडी, तिला भंगारातल्या जीपचं चाक नि शिलाई मशीनचं पायडल. पायडल हाणा, चाक वळवा, पुढे काढा, घंटा वाजते. झालं! औंधला यमाईच्या जत्रेत मांडला.

चूक एकच केली. पुढची गाडी पांढरी अँबॅसिडर केली.

पहिले बसले हंबीरराव. मिलिटरीत वीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस, हिमालयाच्या कड्याला न घाबरलेला! लाल गाडी सुसाट सोडली... आणि पांढरीच्या मागे आल्याबरोबर पाय वर. म्हटलं, पुढे काढा की! तर दबक्या आवाजात म्हणतात, "पुढं चेअरमनसायेब हायत." साखर कारखान्याचे हो, त्यांची गाडी पांढरी अँबॅसिडर! अहो, तो पत्रा आहे, गोडेतेलाच्या डब्याचा!

मग जो बसेल तो तेच. एकानं तर तोंडानं हॉर्न वाजवला, तोही हळू. दुपारी वैतागून गाडीला पिवळा रंग फासला. जतचे नाथाजी बसले, मेंढरं राखणारे, त्यांचा कारखान्याशी संबंध काय? निरखून बघतात नि म्हणतात, "सायबांनी रंग दिला व्हय? झ्याक दिसतीया." आणि मागेच! पुढे काढा की, पुढे काढा की... घसा बसला माझा.

शेवटी खोक्यावर चढून भाषणच ठोकलं. समता, स्वाभिमान, लोकशाही, सगळं. शेजारी सुलाबाईंचं बांगड्यांचं दुकान, त्या म्हणाल्या, मग तुमीच काढून दावा. बसलो! गर्दी ही... पायडल हाणलं, गाडी अशी निघाली म्हणता!

आणि देवीचं दर्शन घेऊन खरे चेअरमन येऊन काचेपाशी उभे राहिले. म्हणाले, खेळा, खेळा.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. आमचा पाच एकर ऊस उभा आहे. तुरे आलेत, वजन रोज घटतंय, आणि तोडणीची पाळी द्यायचं यांच्या हातात. वडील तीनदा जाऊन यांच्या ओसरीवर बसून आलेत. माझी लाल गाडी पिवळीच्या बोटभर मागे आली... पायडल अडकलं असेल. तेल कमी पडलं असेल. काय झालं कुणास ठाऊक, पाय वर आला. तीन फेऱ्या मागं मागं फिरलो हो!

चेअरमन खूश. म्हणाले, चांगला खेळ काढलास, पोरांना शिस्त लागते. गेले.

घंटा गप्प. मी चाक धरून तसाच. सुलाबाईंनी बांगड्या पुसता पुसता मान वर केली.

"आवं, सायेब गेलं. आता काढा की पुढं."