डाव्या गालातली जाळी

बायको: आ करा.

शिंपी: आत्ता? कोटाची एक बाही लावायची राहिलीय गं.

बायको: बाही कुठे पळून जात नाही. खिडकीकडे तोंड करा, उजेड आहे तोवर बघू द्या. आधी त्या टाचण्या काढा.

(शिंपी ओठांत धरलेल्या टाचण्या काढून सुयांच्या उशीत टोचतो आणि तोंड उघडतो.)

बायको: मोठा आ. गिऱ्हाइकावर ओरडताना करता तेवढा. हं, उजव्या गालात पांढऱ्या रेघा होत्या तशाच आहेत. आता डावीकडे वळा... मिटा.

शिंपी: काय झालं?

बायको: दाढेजवळची पांढऱ्या रेघांची जाळी विसविशीत झालीय. मध्ये लालभडक दिसतंय. दुखतं का?

शिंपी: तिखट लागलं की झोंबतं थोडं. टाचणी लागली असेल.

बायको: कधीपासून?

शिंपी: झाले असतील आठ-दहा दिवस.

बायको: तुमचे आठ-दहा दिवस मला ठाऊक आहेत. गिऱ्हाइकांना सांगता त्याच मापाचे. महिना झाला असणार.

शिंपी: बरं, महिना. टाचण्या तोंडात धरतो म्हणून तू आधीच चिडतेस. कशाला सांगायचं म्हटलं.

बायको: अहो, टाचण्या तुम्ही उजव्या कोपऱ्यात धरता आणि डावीकडून माझ्याशी बोलता. लग्न झाल्यापासून बघतेय. जखम डावीकडे आहे.

शिंपी: डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, लायकेन प्लेनस म्हणतात याला, घाबरू नका, मलम लावा. कॅन्सर होतो तो शंभरात एखाद्याला.

बायको: तो एखादा माझ्याच घरात कोट शिवत बसला असेल तर? आणि अर्धंच काय सांगता? दर सहा महिन्यांनी दाखवा म्हणाल्या होत्या. लाल झालं, जखम भरेना झाली, तर लगेच या म्हणाल्या होत्या. मागच्या खेपेला कोण म्हणालं, आत्ता कामाची गर्दी आहे?

शिंपी: होतीच गर्दी.

बायको: कापडांची होती. तुमच्यासारखा माणूस मला एकच आहे.

शिंपी: तपासायला गालाचा तुकडा काढतील ते.

बायको: काढू देत.

शिंपी: हात लावला की खवळतं म्हणतात. पसरतं.

बायको: कोण म्हणतं?

शिंपी: इस्त्रीवाला.

बायको: त्याने माझी रेशमी ओढणी जाळली. तुमचा गालही त्याच्याच भरवशावर सोडू? असं काही होत नाही, बाईंनीच सांगितलंय. कापड कोणतं ते कळेना की तुम्ही शिवणीच्या आतून नखाएवढी चिंधी कापून बघता. त्याने कधी कोट वाया गेला का?

शिंपी: आणि कापड वाईट निघालं तर?

बायको: तर वेळेवर कळलं म्हणायचं. काट्याचा नायटा होऊ द्यायचा नाही. मलाही भीती वाटते हो. तुमचं घोरणं ऐकत पडते आणि बरं वाटतं. जन्मभर त्या घोरण्याला नावं ठेवली मी.

शिंपी: एवढं काय त्यात. फाटलंच कुठे तर रफू करायला तू आहेस की.

बायको: कापडाला करते. तुम्हाला रफू करणं मला नाही जमायचं. म्हणून तर मागे लागलेय.

शिंपी: बरं. हा कोट देतो, मग जाऊ.

बायको: उद्या सकाळी जायचंय. कोटवाल्याला मी कळवलंय, परवा या म्हणून. दवाखान्यातही फोन केलाय.

शिंपी: तोंड बघायच्या आधीच?

बायको: चार घास उजवीकडूनच चावताय इतके दिवस. समोर बसून जेवते मी, भिंतीकडे बघत नाही.

शिंपी: मग आ करा कशाला म्हणालीस?

बायको: तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होते. नाहीच सांगितलंत.

शिंपी: तू घाबरशील म्हणून.

बायको: माहीत आहे. उठा, निदान बाही तरी पुरी करा. टाचण्या तोंडात नाही घालायच्या.

शिंपी: नाही घालत. तू धर हातात, एकेक दे. आणि डावीकडे बस, मला त्या बाजूनेच बोलायची सवय आहे.

बायको: झोंबत असेल तर नका बोलू. मी बसलेय इथे.