बीअरच आहे, बाबा!

...अन म्हणे, बीअरच आहे, बाबा! आता तुम्हीच सांगा, बीअर म्हटल्यावर माणूस काय समजतो? आमच्या लाखनीत बीअरला कोणी दारू म्हणतच नाही हो! दारू म्हणजे मोहाची. बीअर म्हणजे उन्हाळ्यात पोटाला थंड, अन मुतखडा झाला की डॉक्टर सांगो न सांगो, शेजारी हमखास सांगतात. ती प्यायची कशी? तर नाक दाबून, एका दमात, काढ्यासारखी! खडा वाहून गेला पाहिजे ना! आमचे शेजारी पुंडलिकराव, तहसीलमधून रिटायर झालेले, त्यांनी असे तीन खडे पाडले अन तिन्ही डबीत जपून ठेवलेत, आल्यागेल्याला दाखवतात... पण ते राहू द्या.

मी काय सांगत होतो? जावई! कुलदीप. पवनीचा मुलगा, पुण्यात नोकरी, बोलणं इतकं गोड की संशय यावा. तो अन माझी तृप्ती, दोघे रविवारी आले. का आले ते मला ठाऊक होतं. माझी बायको शालू गेली त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून तृप्तीचं एकच, 'बाबा, पुण्याला चला.' अन माझंही एकच, 'मी ठीक आहे.' सकाळी शाळा आहे, संध्याकाळी साकोलीला शिकवणी आहे, दिवस कसा जातो कळत नाही, मी ठीक आहे! तुम्हाला सांगतो, सव्वा वर्ष या एका वाक्यावर घर चालवलं मी!

तर दुपारी बारा वाजता जावयानं टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या बाहेर काढल्या. 'माझ्या मित्रानं स्वतः बनवलीय, बाबा. चव बघा.' मी म्हटलं, चढते का रे? तर हसून म्हणतो कसा, 'बीअरच आहे, बाबा!' तेवढ्यात पुंडलिकराव हजर. त्यांना वास कसा लागतो देव जाणे. ग्लासात ओतली, तर काळी! रस्त्यावर टाकतात त्या डांबरासारखी काळी, वर खाकी फेस! मी विचारलं, ही अशी का? तर म्हणे यात कॉफी आहे, गूळ आहे, संत्र्याची साल आहे... अरे, बीअर आहे की किराणा?

पुंडलिकरावांनी ग्लासात बोट बुडवलं अन दोन थेंब जमिनीवर शिंपडले. आमच्याकडे पिण्याआधी गेलेल्या माणसाच्या नावानं शिंपडतात तसे.

'हे वहिनीच्या नावानं.'

मी म्हटलं, अहो, तिच्या नावानं? तिनं उभ्या जन्मात बाटली दाराच्या आत येऊ दिली नाही!

'आता कोण अडवून राहिलं जी, गुरुजी?'

...तर मी नाक दाबलं अन ग्लास रिकामा केला. कुलदीप ओरडला, 'बाबा, हळू! चवीनं घ्यायची असते!' चवीनं? औषध कोणी चवीनं घेतं का? दुसराही ग्लास तसाच घेतला. बीअरच होती ना!

पाच मिनिटं काही नाही. मग कान तापले. मग भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने एकदम दाखवायला लागलं. अन मग, तुम्हाला सांगतो, माझं तोंड माझं राहिलं नाही! मी इथे गप्प बसलेलो, अन तिकडे कोणीतरी माझ्याच आवाजात बोलून राहिलं! अन मी कोण? तीस वर्षं वर्गात 'विचारलं तेवढंच बोला' सांगणारा माणूस!

तृप्तीनं तळलेले झिंगे पुढे ठेवले अन सहज विचारलं, 'बाबा, शिकवणीला मुलं किती आहेत?' किती सोपा प्रश्न! बारा म्हणायचं, संपलं. तर हे तोंड म्हणतं, 'एकही नाही.'

पुंडलिकराव मधेच म्हणाले, 'मंग साकोलीले कायले जाता?' तोंडानं उत्तर दिलं ते तृप्तीला.

'पाच वाजले की घरात बसवत नाही. साडेपाचची बस पकडतो. स्टँडवर चहा पितो. त्याच बसनं परत येतो. खिडकीजवळची जागा तुझ्या आईची, तिथं पिशवी ठेवतो. कोणी विचारलं तर सांगतो, माणूस येत आहे.'

पुंडलिकरावांच्या तोंडातला झिंगा तोंडातच राहिला. अन मी रडलो म्हणता? छे! डोळ्यांतून पाणी आलं, पण ते झिंग्यांच्या तिखटाचं. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो, अन आजही कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं असं, की कोणी पाटा-वरवंटा आत ठेवून गेलंय. जावयाला धरलं. काय होती रे ती? तर म्हणतो, 'अकरा टक्के, बाबा. बाटलीवर लिहिलंय ना.' लिहिलंय! मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात! अरे, तोंडानं सांगायला काय झालं होतं? बीअरच आहे म्हणाला होतास तू मला!

तर खाली पाहून, हळूच म्हणतो, 'तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं, बाबा?'

जावयानं दगा दिला, ग्लासानं दिला, स्वतःच्या जिभेनं दिला... अन पोरीनं तर निकालच देऊन टाकला. 'एक तर पुण्याला चला, नाही तर संध्याकाळी एकटे जाऊ नका.' मी 'मी ठीक आहे' म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे. संपलं ते वाक्य! सव्वा वर्ष टिकलेलं, दोन ग्लासांत संपलं! अन तेवढ्यात कंपाउंडच्या पलीकडून आवाज आला, 'मी जातो ना जी गुरुजीसंगं!' कोणी विचारलं होतं का यांना?

आता रोज सव्वापाचला फाटकापाशी उभे. पावडर लावून, केस विंचरून! 'निघाचं ना जी, गुरुजी?' बस आली की माझ्याआधी चढतात, सरळ जातात अन खिडकीजवळ बसतात. म्हणे, 'मले खिडकीबिगर मळमळते जी!'

काय करता? पिशवी मी मांडीवर घेतो.