चौदा नंबरात राहतं कोण?

...चार बिऱ्हाडं! अहो, चार! दोन खोल्या वर, दोन खाली, आणि न्हाणीघर एवढंसं की मी आत शिरलो तर टॉवेलने बाहेर थांबायचं, आणि नगरपालिका मला लिहिते की 'आपल्या घरात चार स्वतंत्र बिऱ्हाडं राहतात असं आढळून आलं आहे, सबब यापुढची घरपट्टी मालक या नात्याने आपण भरावी.' तुम्हाला सांगतो, मी, सिरिल बूथरॉइड, संशयी माणूस नाही. छत्तीस वर्षं या गावात बस चालवली, फुकट चढणाऱ्यालासुद्धा 'पास घरी विसरलात वाटतं' म्हणायचो. संशयी नाहीच मी, पण...

आता घर मावशीचं. ती गेली, चौदा नंबर माझ्याकडे आलं. मी राहतो समोर, सतरामध्ये. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, एकट्या जिवाला दोन घरं काय करायची? दिलं भाड्याने नोरीन हॅलिवेलला. नोरीन शाळेत मुलांना जेवण वाढते, नवरा नाही, मूल नाही, माझ्याच वयाच्या आसपास. करार? कुंपणावरून झाला. 'देता का?' 'देतो.' अकरा वर्षं झाली. लाइट-गॅस माझ्या नावावर, ते भाड्यातच. घरपट्टी तिची ती भरायची, कारण आमच्याकडे राहील त्याने भरायची. मालक कसा, सुखी!

आणि अचानक हे पत्र! लावला फोन. तिकडून एक गोड आवाज, "नोंदी जुळवणी कक्ष, प्रुडन्स बोलतेय, काय मदत करू?"

म्हटलं, "बाई, ही चार बिऱ्हाडं कुठून काढलीत?"

"एक नाव लायब्ररीने कळवलं, एक पार्किंगने, एक मतदारयादीने, आणि एक आमच्याकडे होतंच. आता सगळी खाती एकमेकांना सांगतात ना!"

"मग मलाही सांगा. कोण आहेत ही माणसं?"

"ते नाही सांगता येणार, सर. खासगी माहिती आहे."

"अहो, चार खात्यांना सांगितलीत की!"

"खाती आतली झाली, सर. तुम्ही बाहेरचे."

ऐकलंत? घर माझं, आणि बाहेरचा मी!

आता मी संशयी नाही, पण आगीशिवाय धूर काढायला नगरपालिकेकडे तरी एवढा वेळ कुठून येणार? म्हटलं, बघू या. पुढच्या खोलीत खुर्ची टाकली, पडदा दोन बोटं बाजूला केला, आणि बसलो चहा घेऊन. नोरीन साडेतीनला शाळेतून आली. चारला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. बेल वाजवली, दारातच उभा राहिला, नोरीनने एक पाकीट दिलं, त्याने ते कोटात घातलं, गेला. पाकीट! दुसऱ्या दिवशी एक व्हॅनवाला, त्यालाही पाकीट. तिसऱ्या दिवशी एक तरुण बाई, ती तर वीस मिनिटं आत, आणि बाहेर आली ती केस ओले! न्हाऊन! माझ्या गॅसवर!

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं माणसाने? मी समजलो, ही पोटभाडेकरू ठेवते आणि उरलेले पैसे पाकिटातून परत देते. आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या हो मी. बसच्या वेळापत्रकासारख्या!

आणि गेलो रस्ता ओलांडून. तिने दार उघडलं, "अगंबाई, सिरिल! या, चहा टाकते." मी म्हटलं, "चहा राहू दे. किती माणसं ठेवलीत घरात?"

ती आत गेली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून टेबलावर उघडला. आत पत्रं. रबर लावून तीन गठ्ठे.

"हा विल्फ्रेड सग्डन," म्हणाली, "कालव्यात होडीवर राहतो. होडीला पत्ता कुठला? ऐंशी वर्षांचा माणूस, मत द्यायचं होतं त्याला. हा डेक्लन, बायकोने घर ठेवलं, याने व्हॅन. आणि ही व्हायोलेटा, या मैत्रिणीच्या सोफ्यावरून त्या मैत्रिणीच्या. पत्त्याशिवाय लायब्ररीचं कार्डसुद्धा मिळत नाही, नोकरी कोण देणार? राहत कुणी नाही इथे. त्यांची फक्त पत्रं येतात, आणि व्हायोलेटा कधीतरी न्हाऊन जाते."

"मग मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

...नसतो म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"तुमचं चुकलं नाही," ती म्हणाली, "पत्ता तुमच्या घराचा, मी विचारायला हवं होतं. पण अकरा वर्षांत, सिरिल, तुम्ही दार वाजवायच्या आधी पडद्याआड बसलात. आठवडाभर हलत होता पडदा. मी महिनाअखेरीला घर सोडते."

झालं! विचारायला गेलो काय, घेऊन आलो काय!

त्यात नगरपालिकेकडून तपासणीला आले मिस्टर थिसलथ्वेट. पलंग मोजले, एक. टूथब्रश मोजला, एक. म्हणाले, "बिऱ्हाडं नाहीत. चारही रद्द." नोरीन म्हणाली, "चार नव्हे हो, तीन! चौथी मी!" त्यांनी कागद चाळले. "तुमचं घरपट्टीचं खातं आम्ही मागेच बंद केलं, मालकाच्या नावावर घेताना. नोंदीप्रमाणे तुम्ही इथे नाही."

"मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"दिसताय, बाई. पण नोंदीत नाही."

आणि आठ दिवसांनी नवीन बिल. घर वर्षभर रिकामं धरलंय, आणि रिकाम्या घराला घरपट्टी दुप्पट! मी संशयी नाही, पण ही माणसं ठरवून करतात बघा!

पुन्हा फोन केला तर प्रुडन्स म्हणाली, "तिच्या नावाने त्या पत्त्यावर आलेलं पत्र दाखवा, पोस्टाच्या शिक्क्यासकट." डबा पुन्हा उघडला. विल्फ्रेडची अकरा, डेक्लनची नऊ, व्हायोलेटाची सहा. नोरीनचं? एकही नाही. बँक आणि घरपट्टीचं बिल मोबाइलवर, बहीण फोनवर. अख्ख्या गावाची पत्रं सांभाळणाऱ्या बाईला अकरा वर्षांत कुणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. मला कसंतरीच झालं हो.

म्हणून मीच लिहिलं. समोरच्या घराला, तिकीट लावून! लिहायचं होतं एवढंच की 'आपण चौदा नंबरात राहता हे मी प्रमाणित करतो'. पण पेन थांबेना. चुकलो म्हणून लिहिलं. वही जाळली म्हणून लिहिलं. सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला की मी माझी किटली ठेवतो, तो दिवा लागला नाही तर चहा कुणाबरोबर घेऊ, हेही लिहून बसलो. तीन पानं! टाकलं टपालपेटीत!

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी ती आली आणि दारातूनच म्हणाली, "दिलं नेऊन पुरावा म्हणून. मंजूर झाला. घर नाही सोडत मी." एवढंच, आणि वळली.

मला काय आनंद! गेलो तसाच लायब्ररीत, पुस्तक परत द्यायला. काउंटरवरची बाई शिक्का मारता मारता म्हणते, "छान लिहिता हो, मिस्टर बूथरॉइड. ते किटलीचं तर फारच!" बाहेर आलो तर पार्किंगवाला गाडीवर दंडाची चिठ्ठी लावायची सोडून, "मग काय, लग्नाचं विचारताय कधी?" मतदारयादीवाल्या बाई तर टपालकचेरीसमोर माझा हात धरून रडल्या! अहो, सगळ्या खात्यांना गेलं ते! तीन पानं! नोंदी जुळवल्या मेल्यांनी!

म्हटलं, आता लपवायचं काय राहिलं? दुसरं पत्र लिहायचं धाडस नव्हतं, रस्ता ओलांडला आणि तोंडाने विचारलं. विचारलं हो, सरळ! नोरीनने माझ्याकडे पाहिलं, हात पुसले, आणि म्हणते कशी, "थांबा जरा, सिरिल. आधी खात्यांचं काय म्हणणं आहे ते कळू दे."

तर... थांबलोय.