मांजर गेलं लोंढ्याला

तुम्ही पोरांच्या गाण्यांचा विषय काढलात म्हणून सांगते. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक गाणं रचलं होतं. कंग्राळीतल्या आमच्या गल्लीत सगळ्या पोरांना ते पाठ.

'मांजर गेलं लोंढ्याला, टोपी घातली धोंड्याला! म्हैस चढली गाडीत, शिट्टी वाजे दाढीत!'

लोंढा म्हणजे आमच्याकडचं रेल्वे जंक्शन. पुढचं ते रोज नवं जुळवायचे.

लेकीला बेळगावातल्या इंग्लिश शाळेत घालायचं होतं. तिथल्या मॅडमनी तिला राइम म्हणायला सांगितलं, तर हिनं हातवारे करत हेच म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी आप्पांवर भडकले. "असलं येडंबागडं शिकवू नका तिला. लोक हसतात."

"बरं, न्हाय शिकवत," आप्पा म्हणाले.

चार दिवसांनी शाळेतून फोन आला. प्रवेश तर मिळालाच, वर मॅडम म्हणाल्या, "ते गाणं पूर्ण लिहून द्या ना. गॅदरिंगला सगळ्या मुलांकडून बसवून घेऊ."

मी वही घेऊन आप्पांसमोर बसले. "आप्पा, पुढचं सांगा की."

"आता जुळत न्हाय बघ."

लेक त्यांच्या गळ्यात पडली. "आप्पा, म्हैस गाडीतनं कुठं गेली?"

"कुठं न्हाय बाळ. गोठ्यात बांधली."

त्यानंतर त्यांनी एकही ओळ जुळवली नाही. मागल्या वर्षी गेले. त्या दिवशी वही पुढं करण्याआधी "आप्पा, माझं चुकलं" एवढं म्हणायला पाहिजे होतं. ते मला सुचलंच नाही.