सगुनाच्या डोक्यातली गाठ

मी मूळची शेवगावाकडची, हौसा माझं नाव, लगीन होऊन सोनईला आले तवा पदर सावरायचं सुदिक कळत नव्हतं मला. मालक लवकर गेले, तापाचं निमित्त झालं, पोटी पोरबाळ काय न्हाई. माहेरचे न्यायला आल्ते, पन धाकटे दीर, किसन भावजी, ते म्हनले वयनी कुटं जाता, तुमचं घर हेच हाय, आन ऱ्हायले मी. मग भावजींचं लगीन झालं आन सगुना आली. जाऊ म्हनायची, पन तिचं बाळंतपन मी केलं, तिची मंगल माझ्याच मांडीवर मोठी झाली. आक्का म्हनती मला. काय सांगू बाई तुमाला, पाठची बहीन असती तर तिनंबी इतका जीव लावला नसता.

भावजी कारखान्यावर कामाला. तितं बाहेरगावची मानसं लई, त्यांच्या जेवनाचे हाल, म्हनून आमी दोघींनी खानावळ काढली, कालवन माझ्याकडं आन भाकरी सगुनाकडं. तिच्या हाताची भाकर म्हंजे कशी, पापुद्रा असा टम्म फुगायचा. आन तोंड सारखं चालू, हसायची तर पार रस्त्यापातुर ऐकू जायचं.

मग एक दिवस भाकर करपली. आता भाकर कुनाचीबी करपती, पन ही चुलीम्होरं बसलेली, धूर घरभर झालेला आन हिला पत्ता न्हाई. मी परसातून पळत आले, म्हनले अगं सगुना, वास येत न्हाई व्हय तुला? तर म्हनती कसला वास, आक्का? मी म्हनले पडसं झालं आसंल. सुंठ उगाळून लावली नाकाला. पडसं कुटलं आन काय कुटलं.

त्याच्यानंतर हळूहळू ती गपच झाली. वेणी घालायची ध्यानात न्हाई, पोरगी भूक भूक करती तर हिचं ध्यानच न्हाई, नुसती भिताडाकडं बघत बसायची. शेजारनी म्हनायच्या माजली, आयतं गिळायला मिळतंय. सकाळी उठली की डोकं धरून बसायची आन भडाभडा उलटी. आता बाईमानसाला सकाळची उलटी झाली तर काय म्हनतील लोक? म्हनले दिवस गेले. आमीबी खूश झालो हो. भावजींनी चिंचा आनल्या, पोरगा व्हनार म्हनून हसत हुते. पन पोट काय दिसंना आन उलट्या काय थांबंनात. मग कुनी म्हनलं बाहेरचं हाय, अंगारा आनला, उतारा टाकला. मग तिला दिसंना झालं. तव्याच्या कडंला भाकर टाकायची, निम्मी चुलीत. म्हनायची आक्का, दोन तवे दिसत्यात, कंच्यावर टाकू? नगरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं, चष्मा दिला त्यांनी. चष्मा लावूनबी भिताडाला धडकायची. दुसऱ्यांदा नेलं तवा तितल्या डाक्टरनं बत्ती लावून डोळ्यात लई येळ बघितलं आन भावजींना म्हनला, डोळ्याचं दुखनं न्हाई हे, पुन्याला घेऊन जा, आजच जा.

पुन्याचा तो येवढा थोरला दवाखाना. तितला डाक्टर तरना हुता, पन बोलायला गोड. त्यानं तिचे डोळे मिटाय लावले आन नाकाखाली लवंग धरली, कशाचा वास येतो बाई? कशाचाच न्हाई. साबन धरला. कशाचाच न्हाई.  मी म्हनले डाक्टर, भाकर करपली तवापासून हिला वास न्हाई. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. मग डोक्याचे फोटो काढले, मानेच्या शिरंत कसलं औशद घालूनबी काढले, तवा सगुना अशी वरडली की भावजी दवाखान्याच्या बाहेर निघून गेले.

मग त्यानं आमाला बसवून सांगितलं. म्हनला, डोक्यात गाठ हाय, कपाळाच्या मागं, नाकाच्या वर. कवटी म्हंजे हाडाचा डबा, तो काय मोठा व्हत न्हाई, गाठ वाढती तशी मेंदूला जागा उरत न्हाई. म्हनून उलटी, म्हनून डोळे, म्हनून ती अशी गप. भावजी म्हनले, औशदानं इरघळंल का? तो म्हनला, औशदानं सूज उतरंल थोडे दिवस, गाठ न्हाई जायची. आमच्या बाजूच्या खाटंवरच्या मानसाला गाठ जाळायची लाईट देत हुते, मी म्हनले तसली लाईट द्या की हिला. म्हनला, त्याची गाठ येगळी, हिची येगळी, हिला कवटी उघडूनच काढावी लागंल. काढली तर? तर वाचंल, पन टेबलावर जायचीबी भीती हाय. न्हाई काढली तर? तर आदी डोळे जातील पुरते, मग शुद्ध जाईल, मग ती जाईल.

भावजी माझ्याकडं बघाय लागले, वयनी, काय करायचं? मी काय सांगनार? मला अक्षर येत न्हाई, आन हितं मानसाचं डोकं उघडायचं. सगुनाच बोलली, माझं डोकं फोडायचंय तर मला इचारा की. डाक्टर, माझी मंगल मला दिसंल का? डाक्टर म्हनला, तुमी जगावं म्हनून आपन हे करतोय. मंगलचं त्यानं काय सांगितलंच न्हाई. सगुना म्हनली, काढा.

डोकं उघडायच्या दिवशी सकाळी न्हावी आला, तिचे गुडघ्यायेवढे केस उतरवले. सिस्टर मला म्हनली कपाळ पुसून घ्या त्यांचं, कुंकू राहू देऊ नका. आता तुमीच सांगा, मी अशी, बिनकुंकवाची, मी तिचं कुंकू कसं पुसू? हातात वला बोळा घेऊन उभी ऱ्हायले. मग सगुनानंच चाचपत माझा हात धरला आन आपल्या कपाळावरनं फिरवला. म्हनली, आक्का, तुमच्या हातानं काय वाईट व्हत न्हाई.

सकाळी नेली ती दिवस कलताना बाहेर आनली. भावजी पायरीवर बसून पोरासारखे रडत हुते. डाक्टर म्हनला, समदी निघाली, चांगल्या जातीची हुती. आमी त्याचे पाय धराय गेलो. पन डोक्यावरच्या पट्ट्या सोडल्या आन तिनं डोळे उघडले, तर काय न्हाई. अंधारच. तो म्हनला, डोळ्याची शीर आदीच सुकली हुती, गाठीनं दाबून दाबून. लवकर आनलं असतं तर. आता लवकर म्हंजे कवा वो? चिंचा आनल्या तवा?

दोन सालं व्हत आली. वास गेला तो गेला, डोळे गेले ते गेले, पन हसाय लागली परत. मंगलला जवळ घेती आन तोंडावरनं हात फिरवती, इचारती आक्का, नाक कुनासारखं झालं हिचं? मी म्हनते तुझ्यासारखं. भाकरी आता मी थापते, ती पीठ मळून देती. भावजींना लोकांनी दुसरी कर म्हनून सांगून बघितलं, त्यांनी हात जोडून समद्यांना वाटंला लावलं.

डाक्टर म्हनला हुता, अशी गाठ कधीकधी परत येती, दाखवत जा. जातो आमी. पन मधल्या दिवसांत काय करायचं? कधी ती गप बसली की माझ्या हातातली भाकर तशीच ऱ्हाती. इचारते, सगुना, काय झालं गं? म्हनती, काय न्हाई आक्का, नुसती बसलीय. आता नुसतं बसलेलं कंचं आन त्या गाठीचं कंचं, हे मला कसं कळावं? देवानं तुमच्या घरच्या मानसांची डोकी सुखरूप ठेवावी, बाई. जेवून जा आता, सगुनानं पीठ मळलंय.