दारात कोण होतं

बुद्धवंदना झाली. आता शोकसभेत दोन शब्द बोला, म्हणाले. समोर सुमनमावशीचा फोटो, पहिल्या रांगेत तिचे यजमान, आपले काका. कुठून आणायचे दोन शब्द?

म्हणून आधी एक तक्रार नोंदवतो. ही सभा साडेसातला ठेवली कोणी? मंडळी, साडेसात ही मावशीच्या मालिकेची वेळ. त्या अर्ध्या तासात तिचं दार वाजवणाऱ्याला पाणीसुद्धा मिळत नसे. बावीस वर्षं शेजारच्या क्वार्टरात राहून मला मिळालं नाही. आज त्याच वेळेला आपण इतके जण घुसलो, आणि ती काही म्हणत नाही. खरंच गेली ती.

आपल्या भिलाईत घड्याळ स्टील प्लांटचं. बी शिफ्ट दोन ते दहा, सी रात्रभर. बी लागली की साडेसातला आम्ही कामावर. म्हणजे काका आणि मी, आम्हा दोघांचीही मालिका बुडायची. मग सकाळी नळावर मावशी भाग सांगायची. काका बादली भरत ऐकायचे, मी दात घासत. एकदा ऐन वेळी लाइट गेली. मावशीनं सकाळी भाग सांगितलाच. त्यात नायिकेला जुळी बहीण निघाली! आठवडाभर आम्ही त्या बहिणीची वाट पाहिली. शेवटी काकांनी विचारलं, "अवं, ते बहीण कुठी गेली?"

"तिले सी शिफ्ट लागली," मावशी म्हणाली.

हसा, काका. तिला चालेल.

तर, त्या मालिकेत नायिकेचा नवरा सात वर्षं बेपत्ता. एका शुक्रवारी दार वाजलं. तिनं कडीला हात घातला. चित्र थांबलं. सोमवारी त्या वेळेला स्वयंपाकाची स्पर्धा! ना निरोप, ना माफी. आपल्याकडे रिटायर होणाऱ्याला शाल-नारळ तरी देतात. मावशीनं पंधरा दिवस ती स्पर्धा पाहिली. मधेच कडी निघेल म्हणून.

मी म्हटलं, "मावशी, बहीण काढली तशी शेवटही तूच काढ."

ती हसली नाही. "मधातलं खोटं चालते रे. शेवट नाही चालत. तो दुसऱ्यानं सांगा लागते. तू पेपरात लिहितो ना? मंग सांग, दारात कोन होता?"

मी पेपरात लिहितो ते लोकांची टर उडवायला. म्हटलं, उद्या सांगतो.

दवाखान्यात तिनं पुन्हा विचारलं. नाकात नळी. "सांगून राहिला का नाही?"

म्हटलं, "बरी होऊन घरी ये, मग सांगतो." वाटलं, ऐकायला तरी थांबेल. म्हणजे मी काय केलं, मंडळी? चॅनेलवाल्यांनी केलं तेच. कडीवर हात ठेवून तिला थांबवलं. मंगळवारी ती गेली.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. मधे जाहिरात नाही. फक्त त्याआधी, काका, तिचं एक देणं राहिलंय माझ्याकडे. इथंच देतो.

मावशी, ऐक. तिनं कडी काढली. दारात तोच होता. दमलेला. कुठे होता, कशाले गेला, तिनं काही विचारलं नाही. टीव्ही बंद केला, आणि त्याला आधी पाणी दिलं.

संपलं, मावशी.