फुंकणीतली हळद

हॅलो?... हॅलो! हॅलो!... व्हय, सांगलीच. विष्णुपंतांची हळदीची पेढी... ट्रंक कॉल मीच लावलाय. बनुबाई... ब-नु-बाई! जोडा की ताई, तासभर बसलीय मी हितं.

हॅलो?... कोन, भाऊसोंचं दुकान? सातारा?... तुमी दिवाणजी व्हय? रामराम, रामराम. आवं, आमचं मालक आज इसाराला आलं आसतील तितं, त्यास्नी फोनवर बलवा की... आमचं म्हंजे आमचं. घरचं... आता नाव कसं घिऊ मी, दिवाणजी?... लय मानसं बसल्यात? मग आसं करा, एवढ्या उनात ज्यानं मिल्ट्रीचा कोट घातलाय ना, त्ये... दोघं हायत कोटवाले? साताराच त्यो, घरटी एक शिपाई!... हां, मग ज्याच्या खिशातनं पाना डोकावतोय, तेच. तेच आमचं. पळा.

...पंत, घावलं एकदाचं.

हॅलो?... मी. मी हाय... न्हाई, न्हाई, पोरं बरी हायत... म्हस बी बरी हाय. आत्याबाई बी. कुनाला काय बी झालं न्हाई, भिऊ नगा...

आदी मला येक सांगा. इसाराचा विडा उचललासा का?... न्हाई?... न्हाई न्हवं?... आई अंबाबाई!... रडत न्हाई वो. तुमी विडा उचलू नगा, उचलला की सौदा पक्का. विड्याच्या ताटाकडं बगू सुदिक नगा. शेड इकायची न्हाई.

...इकायची न्हाई म्हंजे इकायची न्हाई! फुंकण्या चालू झाल्या.

फुंकण्या! गाडी सुकवायच्या फुंकण्या!... दोनी!... दोनी म्हनतीया न्हवं मी!

मला काय सांगताय, मला ठावं न्हाई व्हय? लढाईत इटलीत बगून आलासा, साखळी वढती, गाडी आपली आपन फुडं सरकती, नळ्यांच्या कमानीखाली न्हाती आन् शेवटाला वारं लागून कोरडी भाईर पडती. तुमी तसंच उभं केलंसा, पत्र्याच्या शेडमदी. समदी सांगली बगाय लोटली हुती. आन् फुंकणीच्या मोटरी दमल्या, तवा तीच सांगली हसली... हसली न्हवं? वल्ली गाडी भाईर पडायची, रस्त्याचा फुफाटा बसायचा, झाला चिखल! 'धुतल्यापरीस न धुतलेली बरी' म्हनायची लोकं... मला बी झोंबलंय की त्ये. भाऊसोंना शेड इकतो आन् त्येंच्याच लॉरीवर डायवर हुतो, म्हनून तुमी कोट चढवून निगालासा, त्याच दिशी मी दुसऱ्या मोटरी हुडकाय निगाली.

...सांगते की. दम धरा. कुटनं आनल्या तेच सांगतीया.

...व्हय, जुन्या तुमीच खोलून बगितल्या हुत्या. बेरिंग गेली, कॉइल जळली, पान्याचं तुषार शिरून शिरून आत गंज... मेल्या त्या मेल्या. म्या काय त्यास्नी संजीवनी पाजली न्हाई. काढून टाकल्या आन् दुसऱ्या बशिवल्या.

पंतांच्या. हळद पालिस करायच्या कारखान्यातल्या... धूळ वढायच्या पंख्याच्या वो! पंतांनी नव्या आनल्या, जुन्या माळ्यावर पडल्या हुत्या, पंख्यासकट, डब्यासकट. मी जाऊन उंबऱ्यात बसली. म्हनलं, पंत, त्या मोटरी मला द्या, वरीसभर तुमच्या लॉऱ्या धुऊन सुकवून देते... हितंच बसल्यात पंत. मान डोलावत्यात.

बशिवल्या कुनी? नाथानं आन् मी... माजा भाऊ नाथाजी, आनिक कुटला नाथा?... आसूं द्या भित्रा! पंतांकडं वायरमन हाय त्यो, त्येच्या हातात पकड आसती, बंदूक न्हाई... गप रं नाथा, तुजंच चाललंय... भोकं जुळनात. मग खाली बाभळीची फळी घातली, नवी भोकं पाडली, बोल्ट आवळलं. मी आवळलं... तुमच्या मोठ्या पान्यानं. बारका तुमच्या खिशात हाय न्हवं?

चालू केली, तर उलटी फिराय लागली... आगदी बरुबर! दोन तारांची आदलाबदल केली. मग कसा सूंऽऽ करून वारा आला म्हनताय! माजा पदर उडाला, नाथाची टोपी उडाली, आन् शेजारच्या तानुबाईचं कुरडयाचं वाळवण पार वढ्यापतुर!... शिव्या दिल्या की. देनारच.

...काय ताई?... तीन मिंटं झाली? घाला, घाला आनिक तीन... पंत देत्यात. व्हय ना पंत?... देत्यात.

हॅलो? आता खरं फुडं हाय. ऐका... आवं ऐका ना! भाऊसोंना म्हना, जरा कळ काढा.

नवी वस्तू आली म्हनून म्या फुंकण्यांची पूजा केली. हळदकुकू वाह्यलं, नारळ फोडला. आन् तेवढ्यात वाईचं वऱ्हाड दारात! नवरदेवाची गाडी. पांढरीधोट आसावी, पर फुफाट्यानं पार तांबडी झालती. मिरजंला लगीन, 'जरा धुऊन सुकवून द्या' म्हनली. घेतली. साखळी लावली. कमानीखाली अशी न्हाली गाडी की बस्स, तोंड बगून घ्यावं त्यात. नवरदेव फेटा सावरत बाजूला उभा. आन् म्या फुंकणीचा खटका दाबला...

काय व्हनार? पिवळं! समदं पिवळंधमक!

हळद वो! पंख्याच्या डब्यात कारखान्याची हळद बसली हुती, थरावर थर. आमी डबा वरनं पुसला, आतनं कोन बगतंय? वल्ली गाडी, आन् त्येच्यावर हळदीचा भपकारा... मला आदी वाटलं, म्या पूजेचीच हळद जास्ती वाह्यली!... हसा, हसा. तवा हसू न्हवतं येत. नवरदेवाचा बा काठी उगारून आला. 'नव्या गाडीचं वाटुळं केलंसा' म्हनून. म्या मनात म्हनलं, सपलं. आता हे बी गेलं, आन् शेड बी गेली... नाथा? नाथा फुंकणीच्या मागं दडला हुता.

तवर मागनं आलेल्या दुसऱ्या गाडीतनं नवरदेवाची आजी उतरली. अंबूबाई. नाकात ही एवढी नथ. लेकाला म्हनली, 'काठी ठेव खाली. ज्या गाडीतनं सून घरात यायची, त्या गाडीला आपनहून हळद लागली. ह्याच्यापरीस शकुन कुटला?'... देवाशप्पत! आसंच म्हनली. फुडं ऐका की. बॉनेटवरची हळद बोटानं घेतली आन् नवरदेवाच्या गालाला फासली. 'गाडीची उष्टी हळद नवऱ्याला!' समदं वऱ्हाड हसाय लागलं. आन् मला म्हनली, 'बाई, मागची बाजू ऱ्हायली बग, तितं बी लाव.'

लावली की! मग काय!

तशीच पिवळीजर्द गाडी मिरजंत शिरली. मिरज बगतच ऱ्हायली. आन् आज सकाळधरनं आपल्या दारात रांग! लग्नसराई हाय न्हवं. तासगावचं वऱ्हाड, कवठ्याचं वऱ्हाड, जो त्यो म्हनतोय, आमच्या बी गाडीला हळद लावा. पंतांनी किडक्या हळदीचं पोतं धाडलंय त्येच्यासाठी... आन् त्यो पासिंजर न्हेनारा सर्विस गाडीवाला, लय हसला हुता बगा, दात काढून? त्यो बी उभा हाय रांगंत. त्याला हळद न्हाई, आतनं पुसलेल्या येका फुंकणीचं नुसतं वारं. गाडी कोरडी ठाक भाईर पडती, फुफाटा चिकटत न्हाई. त्यो बोट फिरवून फिरवून बगतोय... मी कशाला खोटं बोलू? हितं पंत हायत, इचारा.

...हॅलो?... हायसा न्हवं?... नाक वढलंसा. म्या ऐकलं... कोट घालून रडू नगा, लोकं बगत्यात. आवं, जितली आपुन! कमान तुमची, साखळी तुमची, डोस्कं तुमचं. म्या नुसत्या मोटरी बदलल्या... बरं, बरं, मी बी लय हुशार. झालं?

...कोन? भाऊसो बलवत्यात? ताट मांडलं?... मग फोन ठिवून जाऊ नगा! हितनंच न्हाई म्हना!... वाईट दिसंल? दिसूं द्या! आवं, तुमचा सभाव मला ठावं हाय. लढाईत गोळ्यांफुडं उभं ऱ्हायलासा, पर कुनी विडा सरकवला की तुमच्या तोंडातनं न्हाई निगत न्हाई. आपला खिलारी बैल आसाच गेला, 'मोठ्या मानसाचा हात कसा मागं सारू' म्हनत... नुसतं सांगून येतो? तुमी सांगून येनार न्हाई, पान खाऊन येनार!... आवं!... आवं!

...गेलं.

हॅलो? हॅलो! दिवाणजी! त्यास्नी हाक मारा! बिगीबिगी!... आतल्या खोलीत?... आवं त्येच, कोटवालं, पानावालं... कोट खुंटीला ठिवला?... समदी पाठमोरी, समद्यांचं फेटं सारखं? कर्म माजं!... नाव? दुसरं काय चालंना?... ताट फिराय लागलं?...

ताई, तोडू नगा! तुमच्या पाया पडते, तोडू नगा... एवढंच येक!

पंत, तिकडं तोंड करा. नाथा, कान झाक... दिवाणजी, ऐका. आन् मी म्हनीन तसंच्या तसं मोठ्यांदा म्हना, समद्यांच्या देखत...

फुंकणीतनं हळद उडाली, गाडी झाली सोन्याची,
कृष्णातरावांचं नाव घेते, शेड न्हाई इकन्याची!

...ऐकलासा न्हवं? मग वरडा! वरडा की!

...

...हॅलो?... एवढं कोन हसतंय?... भाऊसो बी?... आन् विडा? विडा वो, विडा!... हात फुडं केला हुता, आन्?... मागं घेतला?... काय म्हनलं?... 'न्हाई' म्हनलं? आपल्या तोंडानं?... दिवाणजी, तुमच्या तोंडात साखर पडो!... काय, भाऊसोंचं काय?... त्येंच्या भाचीचं लगीन हाय? मग धाडा की गाडी सांगलीला, तिला बी लावू हळद!

...हॅलो? कोन?... तुमी?... न्हाई, नाव फिरून न्हाई घ्यायची... न्हाई म्हंजे न्हाई, समदी पेढी बगतीया माज्याकडं... घरला या, मग बगू. सांजच्या गाडीनं या. कोट इसरू नगा खुंटीला. आन् पाना बी आना, आवळायचं लय पडलंय... हॅलो?... हॅलो?

...तुटला.

हसा पंत, काय हसायचं त्ये हसून घ्या. नाथा, ऊठ. गाड्या वल्ल्या उभ्या हायत तितं... आन् ऐक, हळदीचा डबा आतनं पुसशील तर बग!